डिक्कीतलं इन्सुलिन आणि पोटावरची गाठ

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे, घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा.

पार्श्वभूमी

काका ६१ वर्षांचे. नागपूरच्या इतवारीतल्या एका धान्याच्या पेढीवर हिशेब लिहितात, राहायला नंदनवनकडे. मधुमेह १७ वर्षांचा आणि इन्सुलिन ९ वर्षांपासून. ३०/७० मिश्र इन्सुलिनची १० मिलीची, मिलीला ४० युनिटवाली बाटली. सकाळी नाश्त्याआधी एक सुई, रात्री जेवणाआधी एक. रात्रीचा डबा पेढीवरच साडेआठला खायचा. त्यामुळे बाटली आणि सिरिंज रोज स्कूटरच्या डिक्कीतून इतवारीला जात आणि रात्री परत येत. ही सवय आम्हाला ठाऊक नव्हती. आम्ही विचारलंच नव्हतं.

आमचं क्लिनिक लहान आहे. एक डॉक्टर, एक सिस्टर आणि मी, फार्मासिस्ट. इथं येण्याआधी सहा वर्षं मी इंजेक्शनच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण या प्रकरणातलं पहिलं वळण माझ्या त्याच अनुभवामुळे चुकलं.

जानेवारीत काकांचा डोस सकाळी २२ आणि रात्री १४ युनिट होता. उपाशीपोटी साखर १३० च्या आसपास, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ७.५. या वयाला, इतक्या जुन्या मधुमेहाला आम्ही समाधानी होतो.

अडचण

मार्चपासून साखर चढायला लागली. डोस तीनदा वाढवला. मेच्या मध्यावर तो सकाळी ३४ आणि रात्री २२ झाला होता, म्हणजे दिवसाला ५६ युनिट. तरी उपाशीपोटी साखर २४० आणि एचबीएवनसी ९.६.

नेहमीच्या शंका एकेक करून निकालात काढल्या. जेवण तेच, वजन तेच. कुठे जखम नाही, लघवीचा संसर्ग नाही, स्टिरॉइड चालू नाही, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक. सिरिंजही तपासली. ४० युनिटच्या बाटलीला १०० युनिटची सिरिंज लागली तर तेवढ्याच खुणेवर निम्म्याहून कमी औषध पोटात जातं आणि हा घोळ आपल्याकडे नेहमी होतो. काकांची सिरिंज बरोबर होती.

"मॅडम, सुई तं रोज घेऊन राहिलो न मी. एक दिवस नाही चुकवली," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. काकूंनी वहीत रोजची साखर टिपली होती, शेवटल्या पानाला मेडिकल स्टोअरची बिलं टाचली होती. ती वही पुढे फार कामाची ठरली. त्या दिवशी आम्ही ती नुसती चाळली.

पहिला निर्णय: बाटलीकडे बोट

आमच्यापुढे चार वाटा होत्या. डोस चौथ्यांदा वाढवायचा. मिश्र इन्सुलिन सोडून महागडं ॲनालॉग, म्हणजे रचना थोडी बदललेलं इन्सुलिन, आणि पेन सुरू करायचं. बाटली आणि तिची साठवण तपासायची. किंवा दोन दिवस काकांनी क्लिनिकला यायचं, आमच्या फ्रिजमधलं इन्सुलिन सिस्टरनं स्वतः दंडात द्यायचं आणि साखर बघायची.

मी तिसरी वाट धरली आणि बाटली मागवली. बाटली हातात घेतली, आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

३०/७० इन्सुलिन मुळातच दुधाळ असतं. त्यातला ७० टक्के भाग प्रोटामीन नावाच्या प्रथिनासोबत बांधलेल्या बारीक स्फटिकांचा, तळाशी बसणारा. तळवे एकमेकांवर चोळावेत तशी बाटली हलके फिरवली की ताकासारखं एकजीव व्हायला हवं. काकांची बाटली वीस वेळा फिरवली तरी एकजीव होईना. काचेच्या आतल्या बाजूला, खांद्यापाशी, फ्रीजरच्या भिंतीवर बर्फ धरतो तसा पांढरा थर होता आणि त्यातून मोहरीएवढे दोन-तीन कण तरंगत होते.

"बाटली ठेवता कुठे?"

"घरी फ्रिजमधी. दुकानात नेतो तवा डिक्कीत."

"आणि दुपारी गाडी?"

"उन्हातच न. इतवारीत सावली कुठं मिळते मॅडम?"

मेमधला नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. बंद डिक्कीत किती होत असेल याचा अंदाज प्रत्येक नागपूरकराला आहे. दुपारी सीट उघडली की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटतं. वर इतवारीच्या रस्त्यांचे धक्के.

इथं थोडं इन्सुलिनबद्दल. दोन साखळ्या, ५१ अमिनो आम्लं, एवढाच त्याचा पसारा. प्रथिनाची साखळी घडी घालताना पाण्याशी न जमणारा भाग आत दडवते. उष्णतेनं किंवा सतत हलण्यानं घडी थोडी सुटली की तो भाग उघडा पडतो आणि शेजारच्या तशाच उघड्या रेणूला जाऊन चिकटतो. असे रेणू एकावर एक रचत गेले की धागे तयार होतात, अमिलॉइड म्हणतात ते हेच. इन्सुलिन तापवलं की त्याचे असे धागे होतात, हे १९४० च्या दशकापासून माहीत आहे. बाटलीतली हवाही यात मदत करते. हवा आणि पाणी जिथं भेटतात त्या पृष्ठभागावर रेणू पसरतो, घडी सोडतो. बाटली जितकी रिकामी आणि हेंदकाळणं जितकं जास्त, तितका धोका वाढतो.

औषध कंपन्यांना हे नवीन नाही. बाटलीत इन्सुलिन एकेकटं सुटं ठेवत नाहीत; जस्ताच्या साहाय्यानं सहा-सहा रेणूंची मोट बांधतात. जंतू मरावेत म्हणून घातलेले फिनॉल आणि क्रेसॉल तीच मोट घट्ट करायलाही मदत करतात. सहाची मोट धागे करत नाही, सुटा रेणू करतो. कारखान्यात आमचा अर्धा दिवस याच काळजीत जायचा. पंपाचा वेग किती, फेस आला का, टाकी कोणत्या तापमानाला. शेवटी तपासणीच्या टेबलावर काळ्या आणि पांढऱ्या पाटीसमोर बाटली धरून कण शोधायचे. पारदर्शक औषधात एवढासा कण दिसला तरी बाटली लाल ट्रेमध्ये. एवढे सोपस्कार होऊन निघालेली बाटली शेवटचे काही किलोमीटर स्कूटरच्या डिक्कीतून जाते.

उत्तर सापडलं असं मला वाटलं. गुन्हेगार हातात, पुरावा काचेला चिकटलेला.

बाटली बदलली. वापरातली बाटली प्लॅस्टिकच्या डबीत, डबी ओल्या फडक्यात, आणि ते सगळं पेढीवरच्या माठाशेजारी सावलीत. डिक्की कायमची बंद. जाता-येता खांद्यावरच्या पिशवीत, बर्फाला न चिकटवता. हा शेवटचा मुद्दा काकूंना दोनदा सांगितला. बर्फात गोठलेलं इन्सुलिनही तितकंच वाया जातं आणि वितळल्यावर ते वरून बरं दिसतं.

दहा दिवसांनी उपाशीपोटी साखर २४० वरून २०५ वर आली. आम्ही म्हटलं, दिशा बरोबर आहे, उरलेलं डोसनं होईल. सकाळी ३८, रात्री २६. दिवसाला ६४ युनिट.

वही काय सांगत होती

ही गोष्ट पुढे कळली, पण इथंच सांगायला हवी.

बाटलीत ४०० युनिट असतात. दिवसाला ५६ लागत असतील तर बाटली सातच दिवस पुरते. म्हणजे दर आठवड्याला काका घरच्या फ्रिजमधली कोरी, धड बाटली उघडत होते. दोष फक्त डिक्कीचा असता तर नव्या बाटलीचे पहिले एक-दोन दिवस साखर उतरायला हवी होती, मग हळूहळू चढायला हवी होती. वहीत करवतीचे दाते दिसायला हवे होते. बिलांच्या तारखा आणि साखरेचे आकडे शेजारी मांडले तेव्हा दाते कुठंच नव्हते. बाटली नवी असो की जुनी, आकडा २३०, २४०, २३५.

माहिती पूर्ण आमच्या टेबलावर होती. मला हवं ते उत्तर बाटलीत दिसलं होतं, म्हणून मी वही बंद केली.

गाठ

जूनच्या पहिल्या आठवड्यात काका बीपी मोजायला आले. नवतपा, कडक उन्हाचे ते नऊ दिवस, नुकता सरला होता, अंगभर घामोळ्या. सिस्टर बीपीचा पट्टा बांधत असताना त्यांनी शर्ट वर करून पोट खाजवलं, आणि सिस्टरचं लक्ष गेलं. बेंबीच्या डाव्या हाताला, चार बोटं सोडून, लिंबाएवढा उंचवटा. तिनं हात लावला. टणक, दुखरा नाही, कातडीखाली थोडा सरकणारा.

"हे कधीपासून काका?"

"ते काय, सुईची जागा आहे. दोन-तीन वर्षं झाली असन. तिथं दुखतच नाही न, म्हणून तिथंच घेतो."

उजव्या बाजूलाही फुगवटा होता, पण मऊ, लोण्यासारखा. तिथं काका "कधीमधी" सुई घेत. नऊ वर्षं आमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या पोटाला, निदान गेल्या दोन वर्षांत, आमच्यापैकी कुणीही हात लावलेला नव्हता.

एकाच जागी वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचलं की तिथं चरबी वाढते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती गाठ मऊ असते आणि जागा बदलली की काही महिन्यांत विरते. दुसरा प्रकार कमी माहीत आहे. टोचलेलं इन्सुलिनच त्या जागी धागे करून साचतं आणि अमिलॉइडची गाठ बनते. पहिलं असं प्रकरण १९८३ मध्ये नोंदलं गेलं. जपानी डॉक्टर तिला इन्सुलिन बॉल म्हणतात. ही गाठ टणक असते, सुई थांबवली तरी राहते, आणि तिच्यात टोचलेलं इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही. काही मोजक्या रुग्णांत मोजून पाहिलं तेव्हा निरोगी जागेच्या साधारण एक तृतीयांशच शोषण होत होतं. मग साखर चढते, डॉक्टर डोस वाढवतात, वाढलेला डोस त्याच गाठीत जातो आणि गाठीला आणखी माल मिळतो.

इथं विरजण आठवावं. दुधाचं दही आपसूक व्हायला वेळ लागतो, पण चमचाभर विरजण पडलं की काम झपाट्यानं होतं. प्रथिनाच्या धाग्यांचंही तसंच आहे. पहिला धागा जमायला फार वेळ लागतो आणि तेवढा काळ वरून काहीच दिसत नाही. एकदा बी पडलं की बाकीचे भराभर चिकटतात. परीक्षानळीत हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. डिक्कीत बिघडलेलं इन्सुलिन काकांच्या पोटात विरजणासारखं पडलं का, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मोह होतो हो म्हणायचा. पण गाठ दोन-तीन वर्षांची, पेढीवर डबा नेणं सुरू झालं ते गेल्या दिवाळीनंतर. तारखा जुळत नाहीत. एका चुकीच्या उत्तरावर मी आधीच खूश होऊन बसले होते, दुसऱ्यांदा नको म्हटलं.

तिसरी रात्र

सिस्टरनं त्याच दिवशी सांगितलं, आजपासून डाव्या बाजूला सुई बंद, मांडीत घ्यायची. सल्ला अगदी बरोबर होता. काकांनी तो तंतोतंत पाळला. डोसबद्दल मात्र फाइलमध्ये नवीन ओळ कुणीही लिहिली नाही. डॉक्टर त्या दिवशी दुपारनंतर नव्हते, मी काउंटरवर गर्दीत होते, आणि साखर तर २०० च्या वर, मग डोस कमी करायचा विचार कुणाच्या मनात येणार?

पूर्वी ६४ मधले किती युनिट रक्तात पोचत होते कोण जाणे. आता पोचू लागले सगळे.

तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला काकू जाग्या झाल्या. "अहो, घामानं गादी भिजून गेली होती. मला वाटलं कुलर बंद पडला. हाक मारली तं काहीतरीच बडबडून राहिले होते, मला ओळखेचना." ग्लुकोमीटरवर ४१. काकूंनी त्यांना बसतं केलं, गिळता येतंय हे पाहिलं आणि चमच्यानं साखरेचं पाणी दिलं. मुलानं गाडी काढली. इस्पितळात शिरेतून डेक्स्ट्रोज लावलं आणि पहाटेपर्यंत काका शुद्धीवर आले. रात्री साडेआठच्या सुईतला मंद भाग मध्यरात्रीनंतरच जोर धरतो, वेळ नेमकी तीच होती.

काकू जाग्या झाल्या नसत्या तर, हा विचार मी अजून पुरता करत नाही.

जागा बदलली की साखर एकदम खाली येऊ शकते, ही सूचना नवी नाही. ब्रिटनच्या औषध नियामकानं, एमएचआरएनं, २०२० मध्ये सर्व प्रकारच्या इन्सुलिनबाबत नेमका हाच इशारा दिला होता: त्वचेखाली अमिलॉइड साचू शकतं, आणि गाठीवरून निरोगी जागेवर जाताना साखर वारंवार मोजा, डोस कमी करावा लागू शकतो. मी तो वाचलेला होता.

दुसऱ्या दिवशी डोस सकाळी २०, रात्री १२ केला. निम्मा. आठवडाभर दिवसातून चारदा साखर मोजली, दर संध्याकाळी आकडे फोनवर घेतले आणि एक-दोन युनिटच्या पावलानं पुढे गेलो.

निदान

गाठीचं नाव नक्की करायचं की नाही यावर घरात आणि क्लिनिकमध्ये दोन्हीकडे मतभेद होते. काकूंचं म्हणणं, "पोटाले काऊन कापता? सुईची जागा तं बदलली न." मुद्दा बिनतोड होता. उपचार दोन्ही प्रकारांत तोच, तिथं टोचू नका. डॉक्टरांचं म्हणणं, तीन महिने थांबू. विरली तर चरबी, नाही विरली तर बघू. मलाही तेच पटलं.

सप्टेंबरपर्यंत उजवीकडचा मऊ फुगवटा हाताला लागेनासा झाला. डावीकडची गाठ होती तशीच. तेव्हा सर्जननं जागा बधिर करून लहानसा तुकडा काढला. साध्या रंगात गुलाबी, बिनआकाराचा साका दिसला. काँगो रेड लावून ध्रुवित प्रकाशाखाली ठेवला तेव्हा हिरव्या सफरचंदासारखी चमक आली. अमिलॉइड.

काँगो रेड मुळात कापडाचा रंग. १८८० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला, तुरटीसारख्या कशाचीही मदत न घेता थेट सुती कापडावर बसणारा. जिथं एम्प्रेस मिल या कापडगिरणीचे भोंगे ऐकत दोन-तीन पिढ्या वाढल्या त्या गावात कापसाचा रंग रोग ओळखायला वापरतात, हे ऐकून काका पहिल्यांदा मोकळे हसले. त्यांचे वडील मिलमध्ये होते.

हे अमिलॉइड सगळ्या शरीराला झालेल्या आजाराचा भाग नाही ना, हे बघायला रक्त-लघवीतल्या प्रथिनांची तपासणी आणि हृदयाची इको केली. दोन्ही स्वच्छ. तुकडा बाहेरगावी पाठवला, तिथं इन्सुलिन ओळखणारं रंजन पॉझिटिव्ह आलं, म्हणजे गाठ इन्सुलिनचीच होती.

काकांच्या मुलानं इंटरनेटवर अमिलॉइड शब्द शोधला आणि घाबरून फोन केला, "बाबांना अल्झायमर होणार का?" नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन वेगळं, पार्किन्सनमधलं आणखी वेगळं. धागा विणण्याची तऱ्हा तीच, सूत निराळं. इन्सुलिनची गाठ पोटातच राहते. अमिलिन नावाच्या दुसऱ्या एका संप्रेरकाचे असेच धागे टाइप २ मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांच्या स्वादुपिंडात सापडतात, हे मात्र त्याला मी सांगितलं नाही. एका फोनला एवढं पुरे होतं. त्याच अमिलिनचं औषध करताना संशोधकांनी उंदराच्या अमिलिनमधल्या तीन जागा उसन्या घेतल्या, कारण उंदराचं अमिलिन गुठळ्या करत नाही. हा किस्सा मला फार आवडतो, पण तो मुलासाठी नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

मेमधली चौथी वाट, क्लिनिकमध्ये सिस्टरच्या हातून दंडात सुई. ती आम्ही सोडली कारण लग्नसराईत काकांना पेढीवरून सुट्टी मिळत नव्हती आणि आम्हीही जोर लावला नाही. दोन दिवसांत साखर कोसळली असती, पण आमच्या डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी. बाटली की जागा, हा प्रश्न त्याच दिवशी सुटला असता.

त्याहून आधी, मार्चमध्ये डोस पहिल्यांदा वाढवतानाच पोट दाबून बघायला हवं होतं. गाठ बघण्यापेक्षा हाताला लवकर कळते. रुग्णाला "जागा बदलता ना?" असं विचारून भागत नाही. काका प्रामाणिकपणे हो म्हणत होते. त्यांच्या लेखी डाव्या पोटावर दोन बोटं इकडे-तिकडे म्हणजे जागा बदलणंच होतं.

जूनच्या त्या दुपारी सिस्टरनं जागा बदलायला सांगितलं यात तिची चूक नाही. क्लिनिकमध्ये तसा नियम नव्हता, ही आमची चूक. आता फाइलच्या डोसच्या ओळीशेजारी सुईच्या जागेची ओळ आहे, आणि जागा बदलली की डोसची ओळ डॉक्टरांनी नव्यानं लिहिल्याशिवाय रुग्ण बाहेर पडत नाही. किती कमी करायचा याचा एकच आकडा नाही. गाठ जितकी मोठी आणि टणक, तितकी कपात मोठी आणि साखर मोजणं जास्त.

बाटलीचं काय? ती खरोखर खराब होती. २४० ची २०५ झाली ती बहुधा त्यामुळेच. डिक्कीची सवय मोडणं योग्यच होतं. मला बोचतं ते एवढंच की अर्धं उत्तर सापडल्यावर मी पूर्ण उत्तरासारखी वागले.

सध्या

डिसेंबरमधली एचबीएवनसी ७.४. डोस सकाळी २१, रात्री १३, म्हणजे ३४ युनिट. गेल्या जानेवारीपेक्षाही दोन कमी. त्या रात्रीनंतर साखर ७० च्या खाली गेलेली नाही. बाटली अजून माठाशेजारी असते, थंडीतसुद्धा.

काकूंनी जागा लक्षात ठेवायची स्वतःची रीत काढली आहे. सुई झाली की त्या जागी एक टिकली लावतात, उद्याची सुई तिच्यापासून दोन बोटं लांब. घामानं टिकली पडली तर वहीत बघायचं. पेढीवर रात्रीची सुई घेताना काकांना सोबत कुणी नसतं, तेव्हा टिकल्यांचं पाकीट खिशात. मालकानं एकदा विचारलं म्हणे, हे काय. काकांनी सांगितलं, हिशेब.

गाठ आहे तिथंच आहे. सर्जन म्हणतात काढता येईल, घाई नाही. काका म्हणतात संक्रांतीनंतर बघू. मागच्या भेटीत शर्ट वर करून ते म्हणाले, "अजूनही हात तिकडंच जाते मॅडम. तिथं दुखत नाही न."